उन्हाचे पेटंट

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली एखादी व्यक्ती तुमच्या घरी किंवा शेजारी असेल, तर तिच्या औषधांच्या डब्यात एक लहानशी गोळी बहुधा सापडेल. तिचे नाव वॉर्फरिन. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती रोज घ्यावी लागते. आता हेच नाव एखाद्या जुन्या शेतीविषयक पुस्तकात शोधा. तेथे ते उंदीर मारण्याच्या विषांमध्ये आढळेल! एकच पदार्थ एकाला औषध आणि दुसऱ्याला विष ठरतो, यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने नवल नाही. सारा खेळ मात्रेचा असतो. नवल आहे ते या नावाचे. औषधांची नावे बहुधा त्यांच्या रासायनिक रचनेवरून किंवा ज्या वनस्पतीतून ती मिळाली तिच्यावरून पडतात. वॉर्फरिन या नावाचा पहिला भाग मात्र एका संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला आहे. ही संस्था म्हणजे औषधांचा कारखाना नव्हे. एका विद्यापीठातील संशोधकांची पेटंटे सांभाळण्यासाठी ती १९२५ मध्ये स्थापन झाली.

विद्यापीठाचा आणि पेटंटचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. विद्यापीठातील प्राध्यापकाला पगार मिळतो तो बहुतांशी जनतेच्या पैशातून. प्रयोगशाळा जनतेची, उपकरणे जनतेची. मग तेथे लागलेल्या शोधावर कोणी मालकी का सांगावी? आज आपल्याकडच्या विद्यापीठांत आणि आयआयटींमध्येही पेटंटे घेतली जातात, त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते समजण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन या शहरी, सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जाऊ.

विस्कॉन्सिन हे दुभत्याचे राज्य. गेल्या शतकाच्याही आधी तेथे गावोगावी लोणी आणि चीज करणारे कारखाने होते. शेतकरी तेथे दूध घालत आणि मापावर पैसे घेत. मापावर पैसे म्हटल्यावर काय होणार हे कोणत्याही गवळ्याला सांगायला नको. कोणी दुधात पाणी घाली, कोणी घरीच साय काढून घेई. दाट दूध घालणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याला आणि पाणी घालणाऱ्याला भाव एकच! दुधात स्निग्धांश किती हे झटपट कळले असते तर हा घोळ मिटला असता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेती विभागातील रसायनज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये ही युक्ती शोधून काढली. लांब मानेच्या काचेच्या बाटलीत ठराविक दूध घ्यायचे, त्यात जवळजवळ तेवढेच तीव्र गंधकाम्ल ओतायचे. आम्लामुळे दुधातील स्निग्धांशाखेरीज सारे विरघळते. मग बाटली यंत्रात घालून गरगर फिरवायची आणि गरम पाणी घालायचे. हलका स्निग्धांश वर येऊन मानेत जमतो. मानेवर खुणा केलेल्या असतात. त्या वाचल्या की टक्केवारी मिळाली. आपल्याकडे दूध संस्थेत ‘फॅट’ काढण्याची जी आम्लाची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली, ती स्वित्झर्लंडच्या गर्बर यांची. तिचे तत्त्वही हेच आहे. आता अनेक ठिकाणी विजेवरची यंत्रे आली आहेत, तो भाग वेगळा.

बॅबकॉक यांनी या युक्तीचे पेटंट घेतले नाही. ती सर्वांना खुली केली. पद्धत जगभर पसरली, शेतकऱ्यांचे कल्याण झाले आणि बॅबकॉक यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. पण यात एक अडचण निघाली. पद्धत सर्वांची, म्हणजे तिच्यावर देखरेख कोणाचीच नाही. ज्याला वाटेल त्याने बाटल्या आणि फिरवण्याची यंत्रे करून विकावीत. त्यांपैकी काही माल अगदी हलका निघाला. बाटलीच्या मानेवरची खूण चुकली की टक्केवारी चुकणार आणि दोष मात्र पद्धतीला लागणार. हा अनुभव विद्यापीठातील एका तरुण प्राध्यापकाच्या चांगला लक्षात राहिला. त्याच्याकडे आपण येणारच आहोत. त्याआधी पेटंट म्हणजे काय ते पाहू.

पेटंटला मराठीत ‘एकस्व’ असा शब्द आहे, पण तो कायद्याच्या पुस्तकाबाहेर फारसा कोणी वापरत नाही. पेटंट हा संशोधक आणि समाज यांच्यातील एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने लिहून जाहीर करायची. त्या बदल्यात ठराविक वर्षे ती युक्ती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने वापरायची नाही. अमेरिकेत त्या काळी ही मुदत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षे होती. आज भारतासह बहुतेक देशांत ती अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. म्हणजे पेटंट हे गुपित ठेवण्याचे साधन आहे हा समज अगदी उलटा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘उघडे असणे’ असा आहे!

पेटंट मिळायला युक्ती नवी असावी लागते, त्या विषयाच्या जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी लागते आणि ती उपयोगाचीही असावी लागते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मराठीत आपण म्हणतो, न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला. दोन्हींना शब्द एकच, पण गोष्टी दोन. पहिली निसर्गात होतीच, ती फक्त उमगली. दुसरी आधी नव्हती, ती घडवली. पेटंट मिळते ते दुसऱ्या प्रकाराला. पण ही सीमारेषा नेहमीच इतकी स्वच्छ असते का? आपल्या गोष्टीतला खरा पेच येथेच आहे.

तो तरुण प्राध्यापक म्हणजे हॅरी स्टीनबॉक. विस्कॉन्सिनमधल्याच शेतकरी कुटुंबात १८८६ साली जन्मलेला. त्याच विद्यापीठात शिकून ते तेथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२० च्या सुमारास अनेक संशोधकांना मुडदूस या रोगाने पछाडले होते. या रोगात लहान मुलांची हाडे मऊ राहतात. मूल चालू लागले की शरीराच्या भाराने पाय धनुकलीसारखे वाकतात, छातीच्या फासळ्यांवर गाठी येतात. थंड देशांतील धुरकट औद्योगिक शहरांत, गरिबांच्या दाट वस्तीत, हा रोग घरोघर दिसे. त्यावर दोन उपाय सापडले होते आणि गंमत अशी की त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नव्हता. इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले की कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की मुडदूस टळतो. तिकडे बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून निघणाऱ्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांत बसवले आणि त्यांची हाडे सुधारली. एक उपाय पोटात घेण्याचा, दुसरा अंगावर घेण्याचा. तेल आणि प्रकाश एकच काम कसे करतील?

स्टीनबॉक यांच्याकडे पांढरे उंदीर होते. मुडदूस होईल असा निकृष्ट आहार त्यांना दिला जाई. काही उंदरांवर जंबुपार किरण सोडले की त्यांची वाढ सुधारे. येथवर अपेक्षेप्रमाणेच होते. पण किरण न मिळालेले उंदीर, किरण मिळालेल्या उंदरांच्याच पिंजऱ्यात ठेवले, तर तेही सुधारू लागले! वर्गातला एक मुलगा औषध प्याला आणि शेजारचा बरा झाला, असा हा प्रकार. एखाद्याने हा आकडा ‘प्रयोगातील चूक’ म्हणून वहीत खोडून टाकला असता. स्टीनबॉक यांनी तसे केले नाही. उंदीर एकमेकांना चाटतात, पिंजऱ्यातली घाण आणि सांडलेले दाणेही खातात. किरणांमुळे तयार होणारे काहीतरी एकाकडून दुसऱ्याच्या पोटात जात असले पाहिजे. मग उंदीर हवेतच कशाला? सरळ अन्नावरच किरण सोडून पाहू! त्यांचे सहकारी आर्ची ब्लॅक यांच्याबरोबर त्यांनी उंदरांचा आहारच जंबुपार किरणांखाली धरला आणि मग तो किरण न मिळालेल्या उंदरांना खाऊ घातला. मुडदूस टळला. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस यांनाही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, हाच निष्कर्ष मिळाला.

मराठीत आपण ‘ऊन खातो’. स्टीनबॉक यांनी ऊन खरोखरच खाण्याजोगे केले.

यामागचे रसायन पुढे उलगडले. यीस्टमध्ये आणि बुरशीत अर्गोस्टेरॉल नावाचा एक मेणचट पदार्थ असतो. आपल्या त्वचेत त्याचाच एक भाऊबंद असतो. या रेणूत कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या जंबुपार लहरी त्यावर पडल्या की त्यांपैकी एक कडे एका जागी तुटते. रेणूची घडण बदलते आणि त्यातून ड जीवनसत्त्व बनते. ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. आईने कितीही दूध पाजले तरी हाडांपर्यंत चुना पोचतच नाही. म्हणजे तेल आणि प्रकाश हे दोन उपाय नव्हतेच. माशाच्या यकृतात ड जीवनसत्त्व आयते होते, प्रकाशाने ते अंगात तयार होत होते. साधी काच या लहरी अडवते, हे येथे सांगून ठेवायला हवे. बंद खिडकीच्या काचेआड बसून ऊन खाल्ले तर ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व नाही. स्टेरॉल वर्गातील पदार्थांवरील कामासाठी जर्मनीच्या विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता १९२४ साली स्टीनबॉक यांच्यापुढे काय होते ते पाहा. ओट, दूध, यीस्ट, स्वयंपाकाचे तेल अशा रोजच्या पदार्थांवर थोडा वेळ किरण सोडले की मुडदूस टाळता येत होता. खर्च नगण्य. पण किरण कमी पडले तर उपयोग नाही, आणि जास्त वेळ सोडले तर बनलेले जीवनसत्त्व पुन्हा नष्ट होते, अन्नाला वासही येतो. बॅबकॉक यांच्या बाटल्यांची आठवण येथे झाली. ही रीत मोकळी सोडली तर उद्या कोणीही ‘किरणयुक्त’ असा शिक्का मारून काहीही विकेल आणि आईबाप भोळेपणाने विकत घेतील. स्टीनबॉक यांनी पेटंट घ्यायचे ठरवले. विद्यापीठाकडून मदतीची चिन्हे दिसेनात, तेव्हा स्वतःच्या खिशातले सुमारे ३०० डॉलर घालून त्यांनी १९२४ मध्ये अर्ज केला. लवकरच ओट विकणाऱ्या क्वेकर ओट्स या कंपनीने हक्क विकत मागितले. देऊ केलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या घरात होती असे सांगतात. त्या काळच्या प्राध्यापकाला ती कल्पनेपलीकडची होती. स्टीनबॉक यांनी नकार दिला.

पण मग पेटंट ठेवायचे कोठे? स्वतःकडे ठेवावे तर प्राध्यापक व्यापारी होणार. राज्य विद्यापीठाकडे द्यावे तर राजकारणी मंडळींचा हात पडणार आणि परवाने, करार, खटले हे विद्यापीठाचे कामही नव्हे. त्याच सुमारास कॅनडातील टोरांटो विद्यापीठापुढे असाच प्रश्न आला होता. तेथे बॅंटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे हक्क १९२३ मध्ये नाममात्र एकेका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले, म्हणजे कोणी एकटा कारखानदार ते बळकावणार नाही आणि माल तपासूनच विकला जाईल. विस्कॉन्सिनमध्ये पदव्युत्तर विभागाचे प्रमुख, गणिताचे प्राध्यापक चार्ल्स स्लिक्टर यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना गाठले. नऊ जणांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले आणि १९२५ मध्ये ‘विस्कॉन्सिन अलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. अलम्नाय म्हणजे माजी विद्यार्थी. आद्याक्षरे डब्ल्यू, ए, आर, एफ. तोंडी नाव ‘वॉर्फ’. संस्था विद्यापीठापासून वेगळी, पण नफा विद्यापीठातील संशोधनालाच. स्टीनबॉक यांनी हक्क तिच्या नावे केले आणि उत्पन्नातला एक ठराविक हिस्सा तेवढा स्वतःकडे ठेवला.

पहिले पेटंट १४ ऑगस्ट १९२८ रोजी मिळाले. त्याच क्वेकर कंपनीला परवाना मिळाला, पण हक्क मिळाले नाहीत. औषध कंपन्यांना परवाने मिळाले. दूधवाल्यांनाही मिळाले, दुधाचा पातळ पडदा दिव्यासमोरून वाहू द्यायचा अशी त्यांची यंत्रे होती. वॉर्फने आपली प्रयोगशाळा काढून परवाना दिलेल्या मालाची तपासणी सुरू केली. ज्याच्यात जीवनसत्त्व कमी त्याला तंबी. बॅबकॉक यांच्या वेळी जे जमले नव्हते ते येथे जमले. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेत मुडदूस दुर्मिळ होत गेला. त्यात या दुधाचा मोठा वाटा होता. १९३० नंतरच्या मंदीत इतरत्र संशोधकांच्या नोकऱ्या जात होत्या, तेव्हा मॅडिसनमध्ये याच पैशावर प्रयोगशाळा चालू राहिल्या.

येथवर गोष्ट एखाद्या पाठ्यपुस्तकात घालावी इतकी छान आहे. पण मार्गारीनचे काय?

मार्गारीन म्हणजे तेलांपासून बनवलेले लोण्यासारखे खाद्य. आपल्याकडच्या वनस्पती तुपाचे नातलग समजा. लोण्याहून स्वस्त, म्हणून गरिबाच्या पावावर तेच असे. मुडदूस होत होता तो मुख्यतः गरिबांच्याच मुलांना. मग सर्वांत आधी मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व यायला हवे होते. वॉर्फने मार्गारीनवाल्यांना परवाना दिला नाही. कारण उघड होते. विस्कॉन्सिन हे लोण्याचे राज्य आणि मार्गारीन हा लोण्याचा शत्रू. तेथे पिवळे मार्गारीन विकण्यावर १८९५ पासून तब्बल १९६७ पर्यंत बंदी होती, यावरून वैर किती जुने ते कळेल. स्टीनबॉक यांनी पेटंट घेण्याचे ठरवले त्यामागे लोकांना भेसळीपासून वाचवणे हा जसा हेतू होता, तसा आपल्या राज्यातील दुग्धव्यवसाय वाचवणे हाही होता. त्यांनी तो लपवला नाही. शेतकऱ्याच्या मुलाने शेतकऱ्यांची बाजू घेतली, हे समजण्यासारखे आहे. पण कुलूप ज्याच्या हाती, तो ते कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न उरतोच. मला स्वतःला येथे स्टीनबॉक यांची बाजू घेता येत नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियातील एक कंपनी परवाना न घेता जीवनसत्त्व बनवत होती. तिच्याशी चाललेल्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने स्टीनबॉक यांची पेटंटे अवैध ठरवली, आणि १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. न्यायालयाच्या निकालात मार्गारीनचा उल्लेख आला. गरिबांच्या लोण्याला हे जीवनसत्त्व नाकारणे जनहिताचे कसे, असा सवाल न्यायाधीशांनी केला. पण पेटंट पडले ते मुख्यतः दुसऱ्या मुद्द्यावर. जंबुपार किरण सूर्याच्या प्रकाशातही असतात. शेतकरी पिढ्यानपिढ्या लसूणघास कापून शेतात वाळवत आले आहेत. त्या गवतात उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतेच. शेतकऱ्याला ते ठाऊक नव्हते, पण तो करत होता ती क्रिया हीच. मग दिव्याखाली केलेली तीच क्रिया ‘नवी’ कशी? आणि उन्हात वाळवलेल्या गवतात मुडदूस टाळण्याचा गुण असतो हे दाखवणाऱ्यांत खुद्द स्टीनबॉक आणि त्यांचे सहकारी होते, १९२५ मध्ये! आपल्याच प्रयोगाने आपलेच पेटंट अडचणीत आले. तसे पाहिले तर पहिल्या पेटंटची १७ वर्षांची मुदत ऑगस्ट १९४५ मध्ये संपणारच होती.

हा निकाल सगळ्यांना पटलेला नाही. नकळत घडलेल्या क्रियेला ‘आधीचे ज्ञान’ म्हणावे का? वर्गात दोन गट पाडून वाद घालण्याजोगा हा मुद्दा आहे. शिक्षकांनी अवश्य घडवून आणावा.

‘हे नवे आहे का’ हाच प्रश्न पन्नास वर्षांनी आपल्या दारात आला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. खरचटल्यावर हळद दाबणाऱ्या कोणत्याही आजीला हसू यावे अशी ही गोष्ट. पण पेटंट कार्यालयात आजीची साक्ष चालत नाही. लेखी, छापील पुरावा लागतो. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तो गोळा केला. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलचे आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेख अशी तीस-बत्तीस प्रमाणे सादर झाली. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरवले गेले. गवत वाळवणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय करतो ते माहीत नव्हते. आजीला माहीत होते, फक्त ते परीक्षकाला वाचता येईल अशा ठिकाणी नव्हते. पुढे परिषदेने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडारच तयार केले, ते याच अनुभवातून. हळदीतून एखादा नवा रेणू किंवा नवी प्रक्रिया कोणी खरोखर काढली, तर तिचे पेटंट आजही मिळू शकते. अडचण हळदीची नाही, जुन्याला नवे म्हणण्याची आहे.

आता आपल्या गोळीकडे परत जाऊ. १९३३ चा फेब्रुवारी. विस्कॉन्सिनमध्ये हिमवादळ चालू होते. एक शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, खराब झालेल्या गवताचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठत नव्हते. त्याची गुरे एकामागून एक अंगातल्या अंगात रक्त वाहून मरत होती. शनिवार असल्याने पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते. उघडे दार दिसले ते जीवरसायनज्ञ कार्ल पॉल लिंक यांचे. गुरांना हे गवत घालू नकोस, एवढेच लिंक त्याला सांगू शकले. शेतकरी वादळात परत गेला.

ते गवत म्हणजे स्वीट क्लोव्हर. आपल्या मेथीचे जवळचे नातलग. ते बुरशीने कुजले की जनावरांना रक्तस्राव होतो, हे कॅनडातल्या एका पशुवैद्याने आधीच नोंदवले होते. पण त्यातला पदार्थ कोणता? लिंक आणि त्यांचे विद्यार्थी सहा वर्षे खपले. जून १९३९ मध्ये हॅरल्ड कॅम्पबेल यांना शुद्ध स्फटिक मिळाले, जेमतेम ६ मिलिग्रॅम. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो तो कुमारिन नावाच्या पदार्थाचा. बुरशी त्याच्या रेणूंत फेरफार करून दोन-दोन जोडते आणि डायकुमारॉल बनते. यकृत रक्त गोठवणारी प्रथिने बनवते, त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. डायकुमारॉल त्या जीवनसत्त्वाच्या वापरात खोडा घालते. लिंक यांनी या धर्तीवर दीडशेच्या आसपास संयुगे बनवली. १९४५ मध्ये आजारपणात अंथरुणावर पडून ते उंदरांच्या निर्मूलनाचा इतिहास वाचत होते, तेव्हा त्यांना वाटले, यांपैकी एखादे उंदरांसाठी का वापरू नये? उंदीर फार हुशार. एखादे अन्न खाऊन सोबती लगेच मेला तर बाकीचे त्याला तोंड लावत नाहीत. पण हे विष सावकाश, काही दिवसांनी काम करते. उंदरांना संशय येत नाही. यादीतले ४२ क्रमांकाचे संयुग निवडले गेले. पेटंट १९४७ मध्ये वॉर्फच्या नावे झाले. संस्थेची आद्याक्षरे आणि कुमारिनचे शेपूट मिळून नाव ठरले वॉर्फरिन, आणि १९४८ पासून ते उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले.

माणसाला हे देण्याचे धाडस मात्र कोणी करेना. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातील एका तरुणाच्या पोटात ते मोठ्या प्रमाणात गेले. इस्पितळात के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो पूर्ण बरा झाला. विषावर खात्रीचा उतारा आहे, हे डॉक्टरांना दिसले. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. अमेरिकेत १९८० मध्ये कायदा होऊन सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली, आणि वॉर्फसारखी व्यवस्था देशभर सुरू झाली.

वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णाला ठराविक दिवसांनी रक्त तपासून घ्यावे लागते, कारण मात्रा थोडी कमी पडली तर गुठळी आणि थोडी वाढली तर रक्तस्राव. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून त्या एकदम वाढवू किंवा बंद करू नका, असे डॉक्टर बजावतात. ड जीवनसत्त्वाचे म्हणाल, तर ते आजही बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून, जंबुपार दिव्यांखालीच तयार होते. काही दुधाच्या पिशव्यांवर ते मिसळल्याचे छापलेले असते, पाहा. दोन्ही पेटंटे केव्हाच संपली. वॉर्फरिनच्या गोळ्या आता अनेक कंपन्या बनवतात आणि पाकिटांवर आपापली नावे मोठ्या अक्षरांत छापतात. त्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे नाव असते, आणि मॅडिसनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेची आद्याक्षरे तेथे प्रत्येक पाकिटावर असतात.